लाल डोळ्यांची लेक

नरानं अंडं घातलं. माझ्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, खिडकीतून स्वच्छ ऊन येत असताना. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मी आजवर जे जे सांगत आले त्यावर कुणीच ठेवलेला नाही, आणि निम्म्या वेळा त्यांचं बरोबरच होतं. पण हे उरलेल्या निम्म्यातलं आहे. दुपारी फळमाशांची खोली कायमची रिकामी होणार होती. बाटल्या भरभरून ट्रॉलीवर चढणार आणि तळमजल्यावरच्या वाफेच्या मोठ्या कुकरात जाणार, हे मला महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे तरुण लोकांना कळत नाही. तर सकाळी मी रोजच्यासारखी येऊन कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाशी बसले आणि पुढच्या पिढीची बाटली भरायला घेतली. पुढची पिढी जन्मणार नव्हती. पण तिची वेळ झाली होती, आणि वेळ झाली की बाटली बदलायची, एवढंच मला येतं. खोलीत मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवल्याचा आंबूसगोड वास भरलेला होता. तो वास माझ्या स्वेटरांत इतका मुरलाय की बसमध्ये शेजारची जागा मला बहुधा रिकामी मिळते. समोर पांढरी टाइल, टाइलवर ईथरनं भूल दिलेल्या माशा. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या, तिळाहून लहान. हातात बारीक ब्रश, डोळे सूक्ष्मदर्शकात. लाल डोळ्यांच्या डावीकडे सारायच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या उजवीकडे. लाल म्हणजे नर, पांढरे म्हणजे माद्या. लाल ढीग नव्या बाटलीत जातो, पुढच्या पिढीचे बाप म्हणून. पांढरा ढीग जातो तेलाच्या बरणीत, कारण या घराण्यात लेकींची गरज नसते. बापांसाठी आम्ही दर वेळी दुसऱ्या बाटलीतून पांढऱ्या डोळ्यांच्या ताज्या माद्या आणतो. हात आपोआप चालतो. डोकं कुठंही भटकू शकतं. माझं संध्याकाळी भाजी कुठली करावी इथवर पोचलं होतं, आणि मी लाल ढिगाला ब्रश लावणार तेवढ्यात ढिगाच्या कडेला पडलेल्या एका बापाच्या शेपटाकडून पांढरा दाणा हळूच बाहेर आला. तांदळाच्या कणीसारखा, पण तिच्याहून कितीतरी बारीक, आणि टोकाला केसांसारखे दोन धागे. मी ब्रश खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला. अंडं तिथंच होतं.

नराच्या पुढच्या पायावर काळा बारीक कंगवा असतो. याच्या नव्हता. शेपूट नराचं बोथट आणि काळं असतं; याचं निमुळतं, पट्ट्यापट्ट्यांचं. म्हणजे हा नव्हेच, ही. डोळे मात्र लालभडक. मला आधी हसू आलं आणि मग मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, कारण माझ्या घराण्यात लाल डोळा फक्त बापाकडून मुलाला मिळतो. तशी सोयच केलेली आहे. फार वर्षांपूर्वी, मी काळ्या केसांची होते तेव्हा, एका नराच्या अंगात एक्स गुणसूत्राचा एक मोठा तुकडा तुटून वायला जाऊन चिकटलेला मला सापडला. त्या तुकड्यावर लाल डोळा होता. मी त्याला पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या दिल्या. वाय जातो फक्त मुलांकडे, म्हणून मुलगे सगळे लाल आणि मुली सगळ्या पांढऱ्या. बापाची इस्टेट मुलाला, त्याची त्याच्या मुलाला. हे घराणं मी कशासाठी पाळलं, तर त्या तुकड्याचं म्हातारपण बघायला. त्याचं असं आहे की या माशांच्या नरांच्या अंगात गुणसूत्रं एकमेकांशी काही देवघेव करत नाहीत. माद्यांच्या अंगात करतात. जोडीजोडीनं शेजारी बसतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, एकीचं बिघडलेलं दुसरीकडच्या चांगल्यानं भरून निघतं. वाय बिचारा जन्मभर नराच्या अंगात. झालेली चूक पुसायला शेजारी कुणी नाही. चुकीवर चूक चढत जाते, एकेक गुण मुका होतो, आणि अखेर उरतं ते पुस्तकातल्या चित्रात दिसतं तसं खुरटलेलं, बहुतेक निकामी खोड. लिंगाची गुणसूत्रं अशी घडतात. ती एक दिवस साधी, जोडीत राहणारी गुणसूत्रं असतात. मग त्यांतल्या एकाला फक्त बापाकडून मुलाकडे जाण्याचा मान मिळतो, आणि त्या मानापायी ते झिजत जातं. माझाही तुकडा झिजेल, नर दुबळे होत जातील आणि घराणं बुडेल, असं सगळ्यांचं गणित होतं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं तर ते कधी बुडेल हे मांडून पदवी मिळवली. तो विद्यार्थी आता विभागप्रमुख आहे. त्याच्या शर्टाची घडी मी कधी मोडलेली पाहिली नाही, म्हणून आम्ही त्याला इस्त्री म्हणत असू. घराणं बुडायची वेळ येऊन गेली. माझे नर मरगळायचे, बाटलीच्या तळाशी बसून राहायचे, मला वाटायचं आता झालं. आणि मग दोनचार पिढ्यांत काहीतरी व्हायचं आणि ते पुन्हा बाटलीभर उधळायला लागायचे. हे मी परिषदांमध्ये सांगितलं. लोक म्हणाले, बाटल्या बदलल्या असतील. लोक म्हणाले, बाईंची आणखी एक थाप.

ती अजून निपचित होती. ईथर जास्त झालं तर माशीचे पंख पाठीवर उभे राहतात आणि मग ती उठत नाही. हिचे पंख अजून आडवे होते, पण मी अंड्याकडे बघत बसले तेवढा वेळ ती टाइलवर होती, आणि मी तिला हात न लावता वाट बघत राहिले. वाट बघताना माणूस जिथं जायचं नाही तिथंच जातो. बाबा घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकं बघायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मोठमोठ्या थापा मारायचे. त्यांतली मुख्य थाप मनोऱ्यावरच्या घड्याळाची. ते बंद पडलं म्हणून बाबांना वर चढवलं, तर तासाच्या चाकावर कबुतरीण अंडी उबवत बसलेली. आता अंडी फुटल्याशिवाय चाक फिरवायचं कसं? म्हणून बाबा रोज वर जायचे आणि तसेच खाली यायचे, आणि तोवर सगळ्या गावात सव्वादहाच वाजलेले राहिले. शाळेत कुणाला उशीर झाला नाही. एका माणसाला अकराला फाशी द्यायची होती, अकरा वाजलेच नाहीत. कंटाळून त्याला सोडून दिलं, आणि तो पुढं बाबांचं कायमचं गिऱ्हाईक झाला. पाहुणे डोळे पुसत हसायचे. मी शाळेत होते तेव्हा एकदा बाबा आतल्या खोलीत गेलेले पाहून मी ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली, आणि सांगता सांगता तिच्यात माझी एक बाई घातली, जी सव्वादहाला बाळंत व्हायला लागली आणि अंडी फुटेपर्यंत कळा देत राहिली. पाहुणे बाबांच्या वेळेपेक्षा जास्त हसले. बाबा दारात उभे होते. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं, रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाळ, मुलानं सांगितली तर ती गोष्ट होते. मुलीनं सांगितली तर लोक खोटारडी म्हणतात. ही गोष्ट दादाची आहे. त्याला सांगू दे." दादा तेव्हा ताटातल्या वाटाण्यांची रांग लावत होता.

दादा हिशेबतपासनीस झाला. माणूस म्हणून सोनं, अजून दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "काय गं, अजून माशाच मारतेस का?" बाबा गेल्यावर घरी चारचौघं जमले की मनोऱ्याची गोष्ट तो सांगायचा, कारण ती त्याची होती. पहिल्या काही वर्षांत तिच्यातून कबुतरीण गेली. एवढ्याशा पक्ष्यानं तेवढं चाक अडत नाही, असं त्याला कुणीतरी समजावलं होतं. मग फाशीचा माणूस गेला. लहान मुलांसमोर कशाला. मग शाळेची मुलं. मागच्या वेळी त्याच्या नातवंडांसमोर त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "तुमच्या पणजोबांनी एकदा मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. अवघड काम होतं." मुलांनी माना डोलावल्या आणि बिस्किटं उचलली. मी स्वयंपाकघरात कप धूत होते. मला इतका संताप आला की एक कप फुटला. मी हात पुसून बाहेर गेले आणि म्हटलं, "अंडी किती होती ते सांगितलंस का यांना?" वहिनी म्हणाली, "ताई, नको ना आता." पण धाकटी नात माझ्या मांडीवर येऊन बसली होती. मग कबुतरीण परत आली, फाशीचा माणूस आला, कळा देणारी बाई आली, आणि त्या नातीनं मध्येच सांगितलं की त्या बाईला जुळं झालं, एक सव्वादहाला आणि दुसरं कधीच नाही. मी ते ठेवून घेतलं. फार चांगलं होतं. जाताना दादा म्हणाला, "बाबांची गोष्ट तू पार बदलून टाकलीस." मी म्हटलं, "म्हणून जिवंत आहे, दादा."

तिचा मधला पाय हलला. अगदी टोकाशी, झोपेत कुणी बोट हलवावं तसा. आणि त्या पायाबरोबर माझ्या डोक्यात काहीतरी असं सरकलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माणसात वाय आला की मुलगा होतो. माशांत तसं नाही. माशांत एक्स किती आल्या तेवढंच बघतात. एक आली तर नर, दोन आल्या तर मादी, आणि त्या दोघींच्या जोडीला बापाचा वाय येऊन बसला तरी मादी ती मादीच. कधीतरी, हजारोंत एखादीच्या वेळी, आईच्या अंड्यात दोन एक्स एकमेकींना सोडतच नाहीत आणि दोघी मिळून येतात. त्यात बापाचा वाय पडला की झाली लाल डोळ्यांची लेक. ही गंमत पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असते. मीच त्यांना शिकवत आले. पण माझ्या घराण्यात अशी लेक आली तर ती जाणार कुठं? आम्ही कंगवा बघत नव्हतो, शेपूट बघत नव्हतो. लाल की डावीकडे. डावीकडच्या सगळ्या बापांच्या बाटलीत. म्हणजे इतकी वर्षं दर थोड्या पिढ्यांनी एखादी लेक बाप म्हणून मिरवत, कुणाच्या लक्षात न येता, पुढच्या बाटलीत शिरत होती. तिथं ती संसार करत होती. आणि तिच्या अंगात त्या एकट्या, झिजत चाललेल्या वायला जन्मात पहिल्यांदा शेजार मिळत होता. एक्सच्या जोडीला बसून त्याचा तुकडा आपलं बिघडलेलं देत होता, चांगलं घेत होता, आणि दुरुस्त होऊन तिच्या मुलांकडे जात होता. त्यानंतर माझे नर पुन्हा उधळायचे. घराणं बुडालं नाही ते लेकींनी बुडू दिलं नाही. ज्यांना आम्ही ओळखलं त्यांना तेलात घातलं. ज्या ओळखू आल्या नाहीत त्यांनी बापाचं नाव राखलं. मी एकटीच खोलीत मोठ्यानं हसले. भिंतीवरच्या बाटल्यांमधून हजारो माशांनी माझ्याकडे पाहिलं, किंवा पाहिलं असं मी पुढं सांगणार आहे.

"मॅडम, झालं का? ट्रॉली आलीय." इस्त्री दारात उभा होता. निळा शर्ट, बाहीवर सुरीसारखी घडी. त्यानं टाइलकडे पाहिलं. "तुम्ही अजून पिढी बदलताय?"

"मग काय माशा मारत बसू? इकडे ये. डोळा लाव."

"खाली माणसं थांबलीत, मॅडम."

"नरानं अंडं घातलंय."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या चांगली ओळखीची आहे. तीत प्रेम असतं, आणि कान बंद केलेले असतात. "गेल्या आठवड्यात तुमची माशी परीक्षकाच्या टकलावर बसली आणि मुलगा पास झाला," तो म्हणाला.

"ते खरं नव्हतं. म्हणजे टक्कल खरं होतं. हे सगळंच खरं आहे. लाल डोळे आहेत आणि मादी आहे."

"बाहेरची शिरली असेल. कचऱ्याच्या डब्यापाशी ढिगानं आहेत."

"बाहेरचीच्या पाठीवरचे केस सरळ असते. हिचे वेडेवाकडे आहेत, आपल्या घराण्याचे. अरे, बघ तरी."

तो बघायला वाकला नाही. घड्याळाकडे मात्र बघितलं. "मग दोन एक्स आणि एक वाय. पुस्तकातली गोष्ट आहे. तुम्हीच शिकवलीत."

"हो ना. आणि इथं ती कुठल्या बाटलीत गेली असती? लाल म्हणजे कोण?"

"नर," तो बोलून गेला. ही युक्ती त्याचीच होती. विद्यार्थी असताना माशा वेगळ्या करण्यात सगळ्यांत जलद तो, कारण शेपूट बघण्यात वेळ घालवायचा नाही, डोळ्यांवरून भागतं, हे त्यानंच शोधलं आणि आम्ही सगळ्यांनी उचललं. क्षणभर त्याचा चेहरा चुरगळला. त्याला सगळं दिसलं हे मला दिसलं. त्याचं गणित, त्याची पदवी, माझ्या बाटल्या, सगळं. मग त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला आणि घडी पुन्हा नीट बसली. "पण हे दाखवणार कसं? जुन्या बाटल्या कुठं आहेत आता?"

"हिच्यापासून सुरू करू. दोन कपाटं दे मला. एक दे."

"या खोलीत उद्या नवं यंत्र येतंय, मॅडम. जागेची आखणी झालीय." मग तो फार मायेनं म्हणाला, "पण गोष्ट झकास आहे. उद्या निरोपाच्या कार्यक्रमात सांगा. लोकांना आवडेल."

मला निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला उभं करतील, मी ही गोष्ट सांगेन, सगळे हसतील, कुणीतरी शाल देईल. मुलगी सांगते म्हणून खोटारडेपणा, म्हातारी सांगते म्हणून करमणूक; दोन्हींच्या मध्ये गोष्ट खरी धरण्याचं वय माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. बाबा दारात उभे असल्यासारखे वाटले. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा.

ट्रॉली आत आली. काचेवर काच आदळू लागली. इस्त्री रांगा मोजत होता, ट्रॉलीवाला बाटल्या उचलत होता, आणि प्रत्येक बाटलीत माशा वरच्या बोळ्याकडे धावत होत्या, कारण बाटली हलली की त्या वर चढतात. माझ्या आयुष्यातली बहुतेक वर्षं माझ्या समोरून चाकांवर चालली होती. मी रडेन असं मला वाटलं होतं. मी काय केलं, तर ब्रशाच्या टोकानं तिला अलगद उचललं, तळाशी खाऊ असलेल्या एका काचेच्या नळीत सोडलं, तिचं ते एक अंडंही मागून सोडलं, आणि कापसाचा बोळा लावला. जोडीला नर दिला नाही. या माशा नराचं देणं पोटात साठवून ठेवतात आणि पुढं कित्येक दिवस आपल्या मर्जीनं वापरतात; ही नरांनी भरलेल्या बाटलीतून आलेली, तेव्हा हिच्या पोटात सगळं गाव होतं. नळी मी स्वेटरच्या आत गळ्याशी ठेवली. तिथं ऊब असते. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे अशी चाललेली ती इस्टेट आता सगळ्या जगात फक्त एका लेकीच्या अंगात उरली होती.

खोलीतून जिवंत काहीही बाहेर न्यायचं नाही, हा नियम माझाच. दारावरची पाटीसुद्धा मी रंगवलेली. पर्स घेऊन निघाले तेव्हा इस्त्री दाराशी आला. नियमाचा माणूस तो, आणि शिवाय मला ओळखून होता. "मॅडम," तो जरा ओशाळून म्हणाला, "विचारायला हवं म्हणून विचारतो. काही नेत नाही ना?"

"नेतेय की," मी म्हटलं. "लाल डोळ्यांची लेक नेतेय. इथं आहे, गळ्याशी. तुझी पदवी खोटी पाडायला नेतेय. स्वयंपाकघरात फळी रिकामी केलीय, मक्याचं पीठ आणून ठेवलंय. महिन्याभरात तिचं खानदान उभं करीन, आणि मग एकेकाचं शेपूट बघून वेगळं करीन, डोळे नाही. त्यातली एक बाटली तुझ्या टेबलावर आणून ठेवीन."

तो हसला. अगदी मनापासून, पाहुणे हसायचे तसा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुम्ही ना, मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे कमाल आहात." आणि त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. मी त्याला शब्दानंही फसवलं नाही, हे इथं नमूद करून ठेवते. फळी रिकामी केली होती हे तेवढं खरं नव्हतं; ती मी घरी गेल्यावर केली.

जिन्याच्या वळणावर मी नळी बाहेर काढली. ती पुरती जागी झाली होती. काचेवरून सरळ वर चालत निघाली होती, बोळ्यापाशी पोचली, पुढचे पाय एकमेकांवर घासले. मी नळी उलटी केली. ती थबकली, जागच्या जागी वळली, आणि पुन्हा वर निघाली. मी परत उलटी केली. ती परत वळली. खालून वाफेच्या कुकराची शिट्टी ऐकू आली. त्या आवाजात मी तिथं उभी राहून तिला मनोऱ्याच्या घड्याळाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, कबुतरिणीसकट, आणि मिनिटकाट्यावर एक लाल डोळ्यांची माशी नव्यानं बसवली.

बसमध्ये शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी होती. मी पर्स तिथं ठेवली आणि पर्सला टेकवून नळी उभी केली, म्हणजे खिडकीतून येणारं ऊन तिला मिळेल. कंडक्टर आला. बसमध्ये गर्दी वाढत होती.

"ही जागा कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझ्या लेकीची," मी म्हटलं.

त्यानं नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत पुढं गेला. पण तिथं त्यानं कुणाला बसवलं नाही.